कॅपेसिटाबिन, पौषातली थंडी आणि बाजरीच्या भाकरी: दिंडोरीकडच्या एका काकूंची केस

मी नाशिकमध्ये एका कॅन्सर डे-केअरला केमोची सिस्टर आहे. ही केस काकूंच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहितेय, नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशील मुद्दाम बदललेत. केमोत हातापायाची कातडी जायला लागली की पहिला प्रश्न असतो "सिस्टर, क्रीम कुठलं लावू?" आणि या केसमध्ये क्रीमचा नंबर बराच खाली लागला, म्हणून सविस्तर लिहायचं ठरवलं.

काकू पन्नाशीच्या पुढच्या, दिंडोरी तालुक्यातल्या, घरची द्राक्षबाग. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, उजव्या बाजूला, सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये लिम्फ नोड पॉझिटिव्ह (जवळच्या लसिका गाठींतही कॅन्सर), म्हणजे स्टेज 3. दिवाळी झाल्यावर केमो सुरू. प्लॅन केपॉक्स, 21 दिवसांची एक अशा आठ सायकल: पहिल्या दिवशी ऑक्झालीप्लॅटिन सलाईनमधून, त्याच दिवसापासून 14 दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी, मग सात दिवस सुट्टी. काकूंच्या उंची-वजनाच्या हिशोबाने 500 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी, तीन संध्याकाळी, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. फुले योजनेतून मंजुरी मिळालेली होती, हे पुढे कामाचं आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पहिल्या सायकलला कातडीचं काहीच नाही. फक्त ऑक्झालीप्लॅटिनचं जे ठरलेलं असतं ते झालं, दोन-तीन दिवस स्टीलचा गार तांब्या धरला की बोटांना करंट लागल्यासारखं, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा. हे आधी सांगितलेलं असल्याने त्या घाबरल्या नाहीत. दुसऱ्या सायकलला आल्या तेव्हा तळहातावरच्या रेषा काळ्या पडलेल्या, बोटांच्या पेरांवर काळे ठिपके, नखांत पण काळपट पट्टे. मी विचारलं दुखतं का, तर म्हणाल्या "दुखत नाय, जरा चुरचुरतं." नोंद केली, मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा लावायला सांगितलं आणि सायकल दिली.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. केमोच्या औषधाने तळहात-तळपायाची कातडी जळजळते, सोलते, त्या त्रासाला हॅण्ड-फूट सिंड्रोम म्हणतात. त्याचे नेटवर जे फोटो दिसतात ते बहुतेक गोऱ्या कातडीचे, लालबुंद तळवे. छापील माहितीपत्रकातसुद्धा "तळवे लाल झाल्यास कळवा" असंच असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसतच नाही, तिथे आधी काळेपणा येतो, मग कातडी गुळगुळीत आणि तुकतुकीत होते, सुजल्यासारखी, मुठ वळताना ताणते. म्हणजे पेशंट लाल व्हायची वाट बघत बसतो आणि तोपर्यंत ग्रेड (त्रासाची पायरी, 1 सौम्य ते 3 गंभीर) वर गेलेला असतो. आता मी लाल हा शब्द वापरतच नाही, सरळ विचारते की चटका बसल्यासारखं होतं का, चहाचा कप धरवतो का, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवताना कसं वाटतं.

तिसरी सायकल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. गोळ्यांचा साधारण दहावा दिवस असेल, सुनेने डे-केअरच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, खाली एवढंच की "आईंना सांगू नका मी पाठवला." टाचेला दोन खोल भेगा, चवड्याखाली पाण्याने भरलेला फोड, हाताच्या अंगठ्याजवळची कातडी सोलून निघालेली. मी लगेच फोन केला, पहिला प्रश्न ताप आहे का, दुसरा जुलाब आणि तोंड आलंय का, तिसरा आजची सकाळची गोळी घेतली का. ताप नाही, जुलाब नाहीत, गोळी मात्र घेतली होती. डॉक्टरांना विचारून संध्याकाळची गोळी थांबवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं, येताना घरातली सगळी औषधं, मलमं, चूर्ण, जे काय असेल ते एका पिशवीत घेऊन या असं बजावून.

फोनवर मला हे ग्रेड 2 वाटलं होतं. समोर बघितल्यावर डॉक्टरांनी ग्रेड 3 लिहिलं. फरक फोडांच्या संख्येने ठरत नाही, माणूस काय करू शकत नाही त्यावर ठरतो. दुखतंय आणि घरकाम, बाजारहाट अवघड झालंय तर ग्रेड 2, आणि स्वतःचं स्वतः आवरणंच जमत नाही तर ग्रेड 3. काकूंना ब्लाउजचे हूक लागत नव्हते, परकराची गाठ सून सोडत होती आणि संडासला जाताना भिंत धरून टाचा उचलून चालत होत्या. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही हं, हूकचं मी विचारलं तेव्हा सुनेकडे बघून गप्प बसल्या.

का नाही सांगितलं? "तुम्ही गोळ्या बंद करताल म्हनून. अन् गोळ्या बंद झाल्या की ते परत यायचं." त्यात शेजारच्या कुणीतरी डोक्यात घातलेलं की एक सायकल चुकली की योजनेतलं नाव कटतं आणि पुढची केमो पैसे भरून घ्यावी लागते. दुष्परिणामामुळे डॉक्टरांनी सायकल पुढे ढकलणं हे रोजचं आहे, त्याची नोंद फाईलला होते, कुणाचं नाव कटत नाही, पण ही भीती मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलीय की आता पहिल्याच दिवशी न विचारता सांगून टाकते.

डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं ते मला फार आवडलं. कॅपेसिटाबिनमध्ये थांबणं हा ट्रीटमेंटचाच भाग आहे, तसा नियमच लिहिलेला आहे: ग्रेड 2 किंवा 3 झालं की गोळी थांबवायची, ग्रेड 1 किंवा त्याखाली आल्यावरच परत सुरू करायची, ग्रेड 2 पहिल्यांदाच असेल तर पूर्ण डोसने, ग्रेड 3 असेल तर 75 टक्क्यांनी. राहिलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नाहीत. आणि ज्यांना हॅण्ड-फूट होतं त्यांचे कॅन्सरचे निकाल बाकीच्यांपेक्षा वाईट नसतात, काही अभ्यासांत तर उलट बरे दिसलेत. काकूंना टक्केवारी कळली की नाही माहीत नाही, पण "औषध लागू पडतंय म्हनून हात सोलला का?" असं विचारून जरा सैल झाल्या. डॉक्टर म्हणाले तसं छातीठोक नाही सांगता येत, पण औषध वाया गेलेलं नाही एवढं नक्की.

आता पिशवी. पिशवीत हळद घातलेलं खोबरेल होतं, ठीक आहे, नुसतं खोबरेल असतं तर मी काही म्हटलं नसतं. मेडिकलमधून आणलेलं एक ट्यूब होतं, गावोगाव मिळतं तसलं, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि ॲन्टिबायोटिक तिन्ही एकत्र, दुकानदाराने "नायटा दिसतोय" म्हणून दिलेलं. बी-6 च्या गोळ्या होत्या. बी-6 पूर्वी सगळीकडे द्यायचे, पण प्लासिबोशी (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तुलना करून केलेल्या ट्रायल्समध्ये हॅण्ड-फूट टाळायला त्याचा उपयोग दिसला नाही, आणि मोठ्या डोसमध्ये जास्त दिवस घेतलं तर बी-6 स्वतःच नसांना त्रास देतं, ऑक्झालीप्लॅटिन चालू असताना तो घोळ कशाला हवा.

आणि तळाशी लोहाच्या गोळ्या, ज्यात फॉलिक ॲसिड असतं. ऑपरेशनआधी काकूंचं हिमोग्लोबिन खूप कमी होतं, आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्त झिरपत राहतं त्यामुळे असं होतंच, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी सुरू केलेल्या आणि त्या इमानदारीने रोज घेत होत्या. वर परत एक मल्टिव्हिटामिन, त्यातही फॉलिक ॲसिड. फॉलिक ॲसिड म्हणजे फोलेट, त्यामुळे शरीरात 5-एफयू (फ्लुरोयुरासिल) या केमोच्या औषधाचा परिणाम वाढतो, कॅपेसिटाबिन शरीरात जाऊन 5-एफयूच बनते, म्हणून या गोळ्यांसोबत फॉलिक ॲसिड टाळा असं कॅपेसिटाबिनच्या माहितीतच आहे. आमच्या फाईलला "चालू औषधे" या रकान्यात फक्त बीपीची गोळी लिहिलेली होती, कारण लोहाची गोळी आणि टॉनिक याला लोक औषध समजतच नाहीत, ती ताकदीची गोळी असते. काकूंचं सगळं त्यामुळेच झालं असं कुणी म्हणू शकत नाही, नुसत्या कॅपेसिटाबिनवर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना कुठल्या ना कुठल्या ग्रेडचं हॅण्ड-फूट होतंच. पण डॉक्टरांनी ते दोन्ही त्याच दिवशी बंद केलं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघितलं आणि पुढे लोह सलाईनमधून दिलं. क्रिएटिनिन पण परत तपासलं, कारण किडनी मंदावली असेल तर कॅपेसिटाबिन अंगाला जास्त लागते. ते नॉर्मल होतं.

यानंतरचा भाग माझा. मी विचारलं, "काकू, दिवसभर हाताने काय काय करता?"

"काय नाय हो सिस्टर, आता कुठं होतंय काम. बसूनच असते."

सून शेजारी बसून छताकडे बघायला लागली. मग एकेक निघत गेलं. पहाटे बंब पेटवायचा, त्याच्या कढत पाण्याने अंघोळ, कारण डिसेंबरात आमच्याकडे थंडी म्हणजे काय असते ते दिंडोरी-निफाडवाल्यांना विचारा. दोन्ही वेळच्या बाजरीच्या भाकरी त्याच थापणार, सुनेच्या जाड होतात म्हणून. थापताना तळहातावर दाब आणि घर्षण, तव्यावर टाकून हाताने पाणी फिरवायचं, परत हातानेच उलटायची, म्हणजे आगीचा चटका. भांडी घासायला पावडर आणि तारेची घासणी. बागेत मण्यांच्या विरळणीचे दिवस, मजूर मिळत नाहीत म्हणून दुपारी तासभर कात्री घेऊन त्याही उभ्या, बारीक कात्रीची कडी अंगठ्याच्या बरोबर त्याच जागी दाबते जिथली कातडी सोललेली होती. अंगणात, गोठ्यात, देवघरात सगळीकडे अनवाणी. आणि टाचा दुखतात म्हणून रात्री गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायच्या!

उष्णता, दाब, घर्षण. हॅण्ड-फूट नेमकं तळहात-तळपायालाच का होतं याचं एक उत्तर तिथल्या कातडीत आहे, तिथल्या पेशी भराभर बदलतात, कॅपेसिटाबिनला 5-एफयूमध्ये बदलणारं एन्झाइम तिथे जास्त असतं असं आढळलंय, आणि रोजच्या दाबाने तिथल्या बारीक केशवाहिन्या दुखावत राहतात, गरम पाण्याने त्या फुलतात आणि औषध तिथे अजून पोचतं. म्हणजे क्रीम लावून त्याच हाताने भाकरी थापायची तर एकीकडे टाका घालायचा आणि दुसरीकडे उसवायचं, असं ते चाललेलं.

साधारणपणे अशा वेळी गार पाण्यात हातपाय ठेवा, गार पट्टी ठेवा असा सल्ला असतो आणि नुसती कॅपेसिटाबिन असेल तर तो बरोबरही आहे. पण इथे ऑक्झालीप्लॅटिन आहे, गार लागलं की मुंग्या आणि कळा. काकूंना कुणीतरी बर्फ सांगितला होता, तो लावल्यावर त्या ओरडल्याच. त्यामुळे ना कढत ना गार, अंगाला लागेल न लागेल असं कोमट पाणी, पाच मिनिटांत अंघोळ उरकायची, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. या दोन औषधांच्या त्रासात पेशंटचाच काय नवीन स्टाफचाही गोंधळ होतो. गार वस्तूला हात लावल्यावर करंट येतो, कातडी दिसायला बरी असते, चार-पाच दिवसांत कमी होतं, तर ते ऑक्झालीप्लॅटिन. सतत जळजळतं, गरम धरवत नाही, कातडी काळी-तुकतुकीत होऊन सोलते, गोळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात वाढतं आणि सुट्टीच्या आठवड्यात उतरतं, तर ते कॅपेसिटाबिन. काकूंना दोन्ही होतं.

लावायला काय दिलं ते आता सांगते. ते तिहेरी ट्यूब बंद. त्वचारोगतज्ज्ञांनी सुजलेल्या जागी क्लोबेटासोल हे नुसतं स्टेरॉइडचं मलम थोडे दिवस, दिवसातून दोनदा, उघड्या भेगांवर नाही. बाकी तळव्यांना 10 टक्के युरियाचं क्रीम, टाचेच्या जाड कडांना जास्त टक्क्याचं, तेही भेगा भरल्यावर, नाहीतर युरिया झोंबतो. भेगांवर साधं पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे. फोड फोडायचा नाही, आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवून झाकायचा. पू, ठसठस किंवा लाली वर सरकताना दिसली, किंवा ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला तर वेळ न बघता फोन, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना टाचेची भेग हीच जंतूंची वाट होते. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल पण आधी थर्मामीटर लावायचा, नाहीतर ताप झाकला जातो.

मेंदीचं पण विचारलं त्यांनी, सगळ्याच बायका विचारतात. तुर्कस्तानातल्या मोजक्या पेशंटवर मेंदीने आराम पडल्याचा एक रिपोर्ट आहे, त्यापलीकडे भक्कम पुरावा नाही. माझा विरोध दोन कारणांनी: बाजारातल्या कोनमध्ये काळा रंग चढायला केमिकल घातलेलं असतं ते सोललेल्या कातडीला भाजतं, आणि रंगलेल्या हातावर ग्रेड कळत नाही.

घरात काय बदललं ते सगळ्यात अवघड होतं, आणि ते मी नाही, सुनेने केलं. भाकरी तिने हातात घेतल्या, जाड झाल्या तर झाल्या. भांड्यांना आधी सुती हातमोजे आणि वरून रबरी, कारण नुसत्या रबरीत हात उकडतो आणि घाम साचतो. कात्री बंद. घरात घालायला वेगळी मऊ, रुंद चप्पल. देवघरात चप्पल चालणार नाही म्हणाल्या, तर तिथे जाड सुती मोजे घालायचे ठरले. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दरवर्षी दिंडीतून पायी जायच्या, त्यावरून घरात मोठं भांडण झालं, शेवटी मुलाने गाडीने नेऊन आणलं. त्या अजून त्याच्यावर थोड्या रुसलेल्या आहेत.

टाच भरायला जवळपास तीन आठवडे लागले. चौथी सायकल आठवडाभर पुढे गेली, ऑक्झालीप्लॅटिन तेवढंच ठेवलं, कॅपेसिटाबिन 75 टक्के केली, म्हणजे 500 च्या दोन आणि 150 ची एक, सकाळ-संध्याकाळ. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या आम्ही परत मागवून घेतल्या, त्या उकिरड्यावर टाकायच्या नसतात.

याच वेळी डॉक्टरांनी एक नवीन गोष्ट सुरू केली, 1 टक्का डायक्लोफेनॅक जेल, हातांना दिवसातून दोनदा. आपण पाठ-गुडघ्याला लावतो तेच. दिल्लीच्या एम्समध्ये डी-टॉर्च नावाची ट्रायल झाली, 2024 मध्ये छापून आली, कॅपेसिटाबिनवरचे 264 पेशंट, अर्ध्यांना जेल, अर्ध्यांना तसंच दिसणारं नुसतं जेल. ग्रेड 2-3 हॅण्ड-फूट साध्या जेलवाल्यांत 15 टक्के आणि डायक्लोफेनॅकवाल्यांत 3.8 टक्के. आपल्या देशातला अभ्यास, आपल्या कातडीवर, आणि जेल स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. पण ते टाळण्यासाठी आहे, पहिल्या गोळीपासून लावायचं, फुटलेल्या कातडीवर नाही. काकूंचं एकदा होऊन गेलेलं, त्यामुळे त्यांना किती फायदा जेलचा, किती कमी डोसचा आणि किती भाकरी बंद झाल्याचा, हे वेगळं काढता येणार नाही. मला विचाराल तर भाकरीचा वाटा मोठा.

पुढच्या सायकलींत ग्रेड 1 च्या वर गेलं नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात चेहरा आणि हाताची पाठ काळवंडली, 5-एफयूच्या औषधांनी ऊन जास्त लागतं, त्याला पूर्ण बाह्या, पदर आणि सनस्क्रीन.

एक भलतीच अडचण रेशन दुकानात आली. मशीनवर अंगठा उमटेना. कातडी सोलून-सोलून बोटांच्या रेषा पुसट होतात, कॅपेसिटाबिनचा हा माहीत असलेला परिणाम आहे, 2009 मध्ये सिंगापूरच्या एका पेशंटची केस छापून आली होती ज्याला याच कारणाने अमेरिकेच्या विमानतळावर काही तास अडकवून ठेवलेलं. काकूंना विमानतळाचं काम नाही, पण आधारचा अंगठा सगळीकडे लागतो. रेशनला कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, सुनेचा चालला. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो, ही सोय 2021 पासून आहे. काकूंना डॉक्टरांनी लेटरहेडवर कारण लिहून दिलं, बँकेत ते दाखवलं. गोळ्या संपल्यावर ठसे बहुतेकांचे परत येतात, काकूंचे जूनपर्यंत आले.

आठवी सायकल एप्रिलच्या शेवटी पूर्ण झाली. हात आता चांगले आहेत, थोडा काळेपणा राहिलाय. पायाचं मात्र परत सुरू झालंय, बोटांना बधिरपणा, वाळूवर चालल्यासारखं, आणि घरच्यांनी आपलं आपण जुनं युरियाचं क्रीम काढलं. हे ऑक्झालीप्लॅटिनचं नसांवरचं आहे, औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतं, कातडी तपासली तर एकदम स्वच्छ. क्रीमचा उपयोग नाही म्हणून सांगितलं, डुलोक्सेटिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी सुरू केलीय, अंधारात उठताना दिवा लावायचा आणि रोज रात्री तळपाय बघायचे, कारण बधिर पायाला काटा लागलेला कळत नाही. पुढच्या व्हिजिटला सीईए (कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ताची तपासणी) आहे आणि तेव्हा ऑक्टोबर छाटणीला बागेत जाऊ का हे विचारणार असं काकूंनी आधीच सांगून ठेवलंय.